इराणी मांजराची वंशावळ

सुरत हे नाव उच्चारताच मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे १६६४ चा जानेवारी आणि १६७० चा ऑक्टोबर उभा राहतो, आणि ते स्वाभाविकच आहे. परंतु तापीकाठचे हे बंदर शिवछत्रपतींच्या दोन स्वाऱ्यांपुरतेच जागे झाले आणि एरवी निजून राहिले, असे नव्हे. अकबराने १५७३ मध्ये ते जिंकल्यापासून पुढे सव्वाशे-दीडशे वर्षे इराण, अरबस्तान आणि तांबडा समुद्र यांकडील जहाजांची येथे सतत ये-जा होती. त्यांतून केवळ माल उतरत नसे. माणसे येत, त्यांच्या भाषा येत, त्यांची पाखरे आणि जनावरेही येत. अशाच एका जनावराची कैफियत आज आम्ही वाचकांपुढे मांडणार आहोत. विषय ऐकून कोणी हसेल. हसण्यास आमची हरकत नाही; निकाल मात्र सर्व पुरावा ऐकेपर्यंत राखून ठेवावा.

निमित्त असे घडले. आम्ही सुरतेत अडाजण भागात राहतो. आमच्या शेजारी कारवारकडील एक सारस्वत कुटुंब आहे. घरातील वडीलधाऱ्या बाईंना सारा मजला अक्का म्हणतो. मुलाच्या नोकरीपायी उतारवयात त्या गाव सोडून येथे आल्या. गेल्या वर्षी नातवाने हट्ट धरला म्हणून त्या घरात कापसाच्या बोंडासारखे एक करड्या रंगाचे मांजराचे पिल्लू आले. किंमत ऐकून अक्कांनी कपाळाला हात लावला. पिल्लाबरोबर एक कागदही आला होता: जाड, गुळगुळीत, कोपऱ्यात सोनेरी मोहोर, त्यावर आईबाप, आजाआजी, पणजापणजी अशी तीन पिढ्यांची नावे, आणि वर ठळक अक्षरांत हे पिल्लू अस्सल इराणी वंशाचे असल्याचा दाखला. पंधरा दिवसांत पिल्लाचे डोळे चिकटू लागले, श्वास वाजू लागला, दूधभात पचेना. अक्का तो कागद घेऊन आमच्या बैठकीत आल्या. विकणाऱ्यावर दावा होईल काय, हे विचारण्यास त्या आल्या असाव्यात अशी आमची समजूत. पण त्यांचा पहिला प्रश्न निराळाच निघाला. चष्मा पुसून, कागद आमच्यापुढे सरकवून त्यांनी विचारले, “वकीलबाब, हें माजर खरेंच इराणाचें?”

ज्या समाजात सोयरीक ठरविताना गोत्र, कुलदेव आणि मठ विचारल्यावाचून पुढचे बोलणे होत नाही, त्या समाजातील वृद्धेने वंशावळीचा कागद हाती येताच तो पारखून पाहावा, ह्यात नवल नाही. वकिलालाही हा प्रश्न परिचयाचा आहे. जमीन घेणारा आमच्याकडे येतो तेव्हा आम्ही त्यास सांगतो की, खरेदीखतावर काय लिहिले आहे ते क्षणभर बाजूस ठेवा. विकणाऱ्याकडे ती जमीन कोठून आली, त्याच्या आधी कोणाकडे होती, हक्काच्या साखळीतील एखादी कडी मध्येच तुटली आहे काय, ते आधी पाहू. तीच पद्धत आम्ही ह्या मांजराला लावून पाहिली, आणि त्या शोधात आमच्या फावल्या वेळच्या कित्येक रात्री गेल्या.

साखळीची पहिली कडी इराणातच सापडते आणि ती बरीच भक्कम आहे. पिएत्रो देल्ला वाल्ले नावाचा रोमचा एक उमराव १६१४ मध्ये व्हेनिसहून निघाला. इस्तंबूल, इजिप्त, जेरुसलेम करीत तो बगदादेस पोचला. तेथे मानी नावाच्या मुलीशी त्याने विवाह केला आणि पुढे काही वर्षे शाह अब्बासाच्या इराणात काढली. नेपल्समधील आपल्या एका वैद्य मित्रास तो लांबलचक पत्रे लिहीत असे. तीच पुढे त्याचा प्रवासग्रंथ झाली. १६२० च्या सुमारास लिहिलेल्या पत्रांत खुरासान प्रांतातील मांजरांचे वर्णन येते. ती आकाराने आणि बांध्याने आपल्याकडील नेहमीच्या मांजरांसारखीच, परंतु केसांनी त्यांहून फारच सुंदर. रंग राखाडी, पाठीवर व डोक्यावर गडद, छातीपोटाकडे फिका होत पांढऱ्याकडे झुकणारा. केस रेशमासारखे तलम. शेपटीवर ते वीतभर लांब, आणि ती शेपटी खारीप्रमाणे पाठीवर टाकण्याची त्यांची सवय. स्वभावाने फार माणसाळलेली. अशा मांजरांच्या चार जोड्या आपण रोमला नेणार आहोत, असेही तो लिहितो. पुढे अठराव्या शतकात ब्यूफाँ ह्या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाने हे वर्णन आपल्या ग्रंथात घेतले आणि युरोपातील विद्वानांस ते पाठ झाले. इराणी मांजर युरोपात प्रथम कोणी आणले, असे विचारले की आजही बोट देल्ला वाल्लेकडेच जाते. परंतु नेण्याचा मनोदय आणि प्रत्यक्ष नेणे, ह्या दोहोंमध्ये कोणतेही न्यायालय फरक करील. पत्रातून सिद्ध होतो तो मनोदय.

साक्षीदार कितपत विश्वासार्ह आहे, हे पाहणे येथे प्राप्त होते. आणि सुदैवाने हा साक्षीदार आपल्याच दारावरून गेलेला आहे. १६२१ च्या अखेरीस होर्मुझच्या आखाताजवळ त्याची पत्नी मानी वारली. तिचा देह मसाल्यात जतन करून, तो सामानाबरोबर घेऊन हा माणूस इंग्रजांच्या जहाजाने फेब्रुवारी १६२३ मध्ये सुरतेस उतरला. ती पेटी त्याने पुढे चार-पाच वर्षे वागविली आणि रोमला पोचल्यावरच तिचे दफन केले. इतके मोठे दुःख बरोबर असताना त्याची नजर मात्र बारीकसारीक गोष्टींवरून ढळली नाही. सुरतेबाहेरच्या एका प्रचंड वटवृक्षाच्या खोडावर शेंदूर माखलेली, चांदीसोन्याचे डोळे बसविलेली पार्वती त्याने पाहिली आणि तिची पूजा कशी होते ते लिहून ठेवले. खंभातेस त्याने आजारी पाखरांचे इस्पितळ पाहिले. तेथे आईबापांवाचून सापडलेली उंदरांची पिल्ले एका डबीत कापसावर ठेवली होती, आणि नाकावर चष्मा लावलेला एक पांढऱ्या दाढीचा म्हातारा त्यांना पिसाने दूध पाजीत होता. जो प्रवासी त्या म्हाताऱ्याच्या हातातले पीसही टिपतो, तो मांजराच्या शेपटीवरील केसांच्या लांबीबद्दल थाप मारील, असे आम्हांस वाटत नाही. पुढे एप्रिलमध्ये तो गोव्यास गेला, आणि वर्ष सरण्यापूर्वी पोर्तुगीज वकिलातीबरोबर इक्केरीच्या वेंकटप्प नायकाच्या दरबारी निघाला. नायकाच्या वतीने गोव्यास आलेला आणि ह्या प्रवासात बरोबर असलेला वकील विठ्ठल शेणै हा होता. होन्नावर, मंगळूर, उल्लाळ ही आपल्या वाचकांच्या देवळांची आणि माहेरांची गावे त्या पुस्तकात भेटतात तेव्हा, मांजराच्या शोधात निघालेला माणूस आपल्याच आजोळी कसा पोचला, ह्याचे मोठे कौतुक वाटते.

आता मुख्य मुद्दा. त्याच वर्णनात देल्ला वाल्ले एक वाक्य सहज लिहून जातो, आणि युरोपीय ग्रंथकार त्याकडे फारसे लक्ष देत नाहीत. ही मांजरे पोर्तुगीजांनी इराणातून हिंदुस्थानापर्यंत नेली आहेत, असे तो सांगतो. म्हणजे रोमचा रस्ता मोकळा होण्यापूर्वीच गोव्याचा रस्ता मोकळा झाला होता. होर्मुझ १५१५ पासून पोर्तुगीजांच्या ताब्यात होते. ते १६२२ मध्ये शाह अब्बासाने इंग्रजांच्या जहाजांच्या साहाय्याने घेतले. मधल्या शंभर वर्षांत होर्मुझ आणि गोवा ह्या जणू एकाच घराच्या पुढच्या-मागच्या ओसऱ्या होत्या. इराणी आणि अरबी घोडे ह्याच वाटेने येऊन गोव्याहून दख्खनच्या आणि विजयनगरच्या सैन्यांत जात, आणि त्यांच्या जकातीवर गोव्याची तिजोरी भरत असे. जहाजात धान्याचे आणि दोरखंडांचे रक्षण करण्यास मांजर लागतेच. शोभेचे मांजर नजराणा म्हणून बरोबर आले तर त्याला वेगळे भाडे पडत नाही.

मग ती मांजरे गेली कोठे? गोव्याच्या किंवा सुरतेच्या गल्लीत लांब केसांची, शेपटी पाठीवर टाकणारी मांजरे पिढ्यान् पिढ्या का दिसत नाहीत? ह्याचे उत्तर २००७ साली मिळाले. केसांची वाढ कोठे थांबवावी, हे ठरविणारे एक जनुक मांजराच्या शरीरात असते. ते बिघडले म्हणजे केस वाढतच राहतात. परंतु आई आणि बाप अशा दोघांकडूनही बिघडलेलेच जनुक आल्यावाचून लांब केस दिसत नाहीत. नजराण्यात आलेल्या एकट्या-दुकट्या बोक्याची गाठ गावातल्या मांजरीशी पडली की पहिल्याच पिढीत सारी पिल्ले आखूड केसांची. इराणी रक्त नाहीसे होत नाही. ते झाकले जाते. क्वचित एखाद्या देवळाच्या आवारात झुपकेदार शेपटीचे मांजर दिसते आणि पुजारी म्हणतो, हे कोणावर गेले कोण जाणे. अशा वेळी चारशे वर्षांपूर्वीच्या एखाद्या घोड्याच्या जहाजाची आठवण आम्हांस होते. पण हा तर्क आहे, पुरावा नव्हे, हे आम्ही स्वतःच सांगून टाकतो.

विरुद्ध बाजूचाही एक साक्षीदार तपासावयास हवा, आणि तो महाराष्ट्राच्या चांगलाच ओळखीचा आहे. पुण्याच्या दरबारी इंग्रजांचा रेसिडेंट आणि पुढे मुंबईचा गव्हर्नर झालेला माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन १८०८-०९ मध्ये काबूलच्या राजाकडे वकील म्हणून गेला होता. ती वकिलात पेशावरापर्यंत पोचली; तिची हकीकत १८१५ मध्ये ग्रंथरूपाने छापली गेली. लांब केसांच्या, तिकडे ‘बुराक’ म्हटल्या जाणाऱ्या मांजरांची अफगाणिस्तानातून मोठ्या संख्येने निर्यात होते, असे तो लिहितो. लोक त्यांना सर्वत्र इराणी मांजरे म्हणतात खरे, पण खुद्द इराणात ती फारशी नाहीत आणि तेथून ती बाहेर क्वचितच जातात, अशीही पुस्ती तो जोडतो. म्हणजे दोनशे वर्षांपूर्वीच ‘इराणी’ हे नाव मांजराच्या जन्मस्थळाचे न राहता त्याच्या जातीच्या मालाचे झाले होते. व्यापारात असे नेहमी होते. मोसंबीला मोझांबिक चिकटले, तंबाखूला सुरत चिकटली. सुरती तंबाखू खाणाऱ्यांपैकी कितीजणांनी तापी पाहिली असेल?

आता युरोप. तुर्कस्तानातील अंकारा म्हणजे अंगोरा येथील लांब केसांची मांजरे फ्रान्समध्ये पेरेस्क ह्या विद्वानाकडे साधारण देल्ला वाल्लेच्याच काळात आली. पुढे दोनशे वर्षे अंगोरा, इराणी, रशियन असा सारा केसाळ गोतावळा युरोपातील दिवाणखान्यांत एकत्र नांदला, आणि त्याने स्थानिक मांजरांशीही सोयरिकी केल्या. १३ जुलै १८७१ रोजी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये हॅरिसन वीयर ह्या चित्रकाराने मांजरांचे मोठे प्रदर्शन भरविले. कोणत्या जातीच्या मांजराचे डोके कसे असावे, कान केवढे, शेपटी किती, ह्याचे गुण ठरविण्याची प्रथा तेथून दृढ झाली. १८८९ मधील आपल्या पुस्तकात वीयर अंगोरा आणि इराणी यांत भेद करतो. म्हणजे तोवर तो भेद करून दाखवावा लागत होता. १८८७ मध्ये राष्ट्रीय मार्जार मंडळ निघाले, वीयर त्याचा पहिला अध्यक्ष झाला; आणि थोड्याच वर्षांत, सभासदांचे लक्ष मांजरांपेक्षा बक्षिसांवर अधिक आहे असे म्हणत तो त्यातून बाहेर पडला. ज्याने दुकान उघडले त्यानेच प्रथम पायउतार व्हावे, ही गोष्ट आम्हांस फार बोलकी वाटते.

कारण त्यानंतर जे झाले ते मांजराच्या चेहऱ्यावर लिहिलेले आहे. देल्ला वाल्लेची मांजरे बांध्याने नेहमीच्या मांजरांसारखी होती, हे वर आलेच आहे. विसाव्या शतकात, विशेषतः अमेरिकेत, गोल डोके आणि बसके नाक यांना बक्षिसे मिळू लागली. ज्याचे नाक अधिक बसके त्याची पिल्ले अधिक किमतीची. असे करता करता पिढ्यान् पिढ्यांच्या निवडीने नाक दोन डोळ्यांच्या मध्ये जाऊन बसले. इराणच्या कोणत्याही जुन्या मांजराने आपले हे वंशज ओळखले नसते. शेवटची साक्ष २००८ मध्ये आली. कॅलिफोर्नियातील शास्त्रज्ञांनी जगभरातील मांजरांची जनुके ताडून पाहिली, तेव्हा आजच्या इराणी जातीची जवळीक इराणच्या आसपासच्या मांजरांशी न निघता पश्चिम युरोपातील सामान्य मांजरांशी निघाली.

तात्पर्य, अक्कांच्या प्रश्नाचे उत्तर आम्ही असे दिले: नाव इराणचे, केसांची कीर्ती खुरासानची, रक्त बव्हंशी युरोपचे आणि नाक अमेरिकेचे. ‘बॉम्बे’ नावाचीही मांजराची एक जात आहे. काळ्या बिबळ्यासारखी दिसते म्हणून तिला मुंबईचे नाव मिळाले; ती १९५० च्या दशकात अमेरिकेतील केंटकी राज्यात तयार झाली. ‘हिमालयन’ नावाच्या जातीने हिमालय पाहिलेला नाही. तिला ते नाव एका सशाच्या रंगावरून मिळाले. अक्का हे ऐकून मनमुराद हसल्या. मग म्हणाल्या, इराणचे नसेना का, पण त्याचा श्वास का वाजतो ते सांगा.

हा प्रश्न पहिल्यापेक्षा कठीण होता, आणि खरे सांगायचे तर महत्त्वाचाही. वंशाबरोबर केवळ मोठेपणा येत नाही, ऋणही येते, हे हिंदू कायद्याने फार पूर्वी ओळखले होते. बापाचे कर्ज फेडणे हे मुलाचे धर्मकर्तव्य मानले जाई. २००५ च्या दुरुस्तीने ही जबाबदारी कायद्यातून गेली. मांजराच्या वंशातील ऋण मात्र कोणतीही लोकसभा रद्द करू शकत नाही. बसक्या नाकामुळे अश्रूंची नलिका वाकडी होते, पाणी नाकात न उतरता गालावर ओघळते आणि केस चिकटतात. म्हणून कोमट पाण्यात भिजविलेल्या मऊ कापडाने डोळ्यांचे कोपरे रोज पुसावे लागतात. ह्याच नाकामुळे श्वासाची वाट अरुंद होते. सुरतेचा एप्रिल-मे आणि त्यातला दमटपणा ज्यांनी सोसला आहे, त्यांना घट्ट लोकरीचा अंगरखा घालून, नाक अर्धे दाबून दुपार काढण्याची कल्पना करता येईल. ह्या मांजरास उन्हाळ्यात पंख्याची, थंड फरशीची आणि सावलीच्या खोलीची गरज असते. तो त्याचा चोचला नव्हे, श्वास आहे. तोंड उघडे टाकून ते धापा टाकू लागले तर वैद्याकडे धावावे.

केसांचे म्हणाल तर वरच्या रेशमाखाली लोकरीचा दुसरा थर असतो, आणि गुंता होतो तो त्या आतल्या थरात. काखेत, कानामागे, पोटाखाली गाठी बसतात आणि कातडी ओढली जाऊन जनावर कण्हू लागते. रुंद दातांच्या धातूच्या फणीने रोज, मुळापासून, थोडेथोडे विंचरणे हाच उपाय. आठवड्याने एकदा तास घालविण्यापेक्षा रोजची दहा मिनिटे बरी. देवघरातील समई आणि ही शेपटी यांची गाठ पडू देऊ नये, हे आम्ही एका संध्याकाळी जळक्या केसांच्या वासावरून शिकलो. स्वभावाबद्दल मात्र देल्ला वाल्लेची साक्ष आजही खरी ठरते. ही जात शांत आहे, आवाज बेताचा, उड्यामाऱ्याची हौस कमी. माणसाच्या जवळ, पण अंगावर न येता, बसून राहणे तिला आवडते. भजन चालू असले की अक्कांचे मांजर टाळांच्या आवाजाने पळत नाही, पेटीच्या भात्याजवळ जाऊन बसते. अशा स्वभावाच्या जनावराचे दुखणे लवकर कळत नाही, हा त्यातला धोका.

आहाराबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण आपल्या देवभोळ्या घरांत चूक होते ती येथेच. गुजरातेत भूतदयेची परंपरा जुनी आणि थोर आहे. सुरतेच्या पांजरपोळाबद्दल सतराव्या-अठराव्या शतकांतील कित्येक युरोपीय प्रवाशांनी लिहिले आहे. फोर्ब्ज नावाच्या इंग्रजाने तर तेथे पाऊणशे वर्षे राहिलेल्या एका कासवाची नोंद केली आहे. परंतु गाय, कबूतर आणि कासव यांना जी दया पुरते ती मांजराला पुरत नाही, कारण मांजराचे पोट निखळ मांसाहारी आहे. टॉरिन नावाचे द्रव्य मांजराचे शरीर पुरेसे बनवू शकत नाही. ते मांसातूनच यावे लागते. ते न मिळाल्यास डोळ्याचा पडदा नासून मांजर आंधळे होते, हे १९७५ मध्ये उघड झाले; हृदय ताणून निकामी होते, हे १९८७ मध्ये कळले. म्हणजे दूधभातावर, खिचडीवर प्रेमाने पोसलेले मांजर प्रेमानेच आंधळे केले जाऊ शकते. दूधही मोठ्या मांजरांपैकी पुष्कळांना पचत नाही. डोळे मिटून दूध पिण्याची त्याची ख्याती आहे, ते पचविण्याची नाही. किनाऱ्यावरील आपल्या घरांत हा प्रश्न मासळीने परस्पर सोडविला होता. तरी तेथेही निव्वळ कच्ची मासळी खाऊ घालणे बरे नव्हे. तीतील काही जाती ब-१ जीवनसत्त्वाचा नाश करतात.

अक्कांची सोसायटी पडली कडक शाकाहारी. सभेत विषय निघाला. आम्ही तेथे कायदा काढला नाही, महाबलिपुरम् येथील सातव्या शतकातील शिल्पपट काढला. त्यात एक मांजर मागच्या पायांवर उभे राहून तप करीत आहे आणि उंदीर त्याच्या पायांशी जमले आहेत. शिल्पकाराने ते थट्टेने घडविले, कारण मांजराचे शाकाहारी होणे हा पल्लवकाळीसुद्धा विनोदच होता. सभा हसली आणि बंद डब्यातील तयार खाद्यास परवानगी मिळाली. ज्यावर टॉरिन असल्याचे लिहिलेले असते तेच घ्यावे. सोमवारी आणि एकादशीला अक्का त्या डब्याला हात लावीत नाहीत, नातू वाढतो. “देवाने त्याला दात दिले ते माझ्या एकादशीला विचारून नव्हे,” असे त्या म्हणतात. नातवाच्या तापाच्या गोळ्या मात्र आम्ही उंच फळीवर ठेवावयास लावल्या. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते, हे पुष्कळांस माहीत नसते.

राहता राहिला तो कागद. षष्ठीदेवीचे वाहन मांजर आहे आणि ती बालकांची देवता आहे. मांजरी पिल्लाला तोंडात धरून नेते त्यावरून वैष्णव आचार्यांनी शरणागतीचा मार्जारकिशोरन्याय सांगितला. ह्या दोन्ही गोष्टींत मांजरीला पिल्लापासून तोडण्याची कल्पना नाही. पिल्लू बारा आठवडे तरी आईजवळ राहावे असे जाणकार सांगतात. हे सहा आठवड्यांचे असताना विकले गेले होते, आणि त्याची जन्मतारीख त्या सोनेरी कागदावरच छापली होती. तीन पिढ्यांची नावे होती, पण कामाची एक ओळ नव्हती. इराणी जातीत मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होण्याचा आनुवंशिक रोग पूर्वापार आहे. तपासलेल्या मांजरांपैकी तिसऱ्या हिश्शाहून अधिकांत तो आढळला होता. आई किंवा बाप यांपैकी एकाकडून दोष आला तरी पुरतो, आणि प्रत्येक पिल्लाला तो येण्याचा संभव निम्मा असतो. दोषी जनुक २००४ मध्ये सापडले. तेव्हापासून गालाच्या आतून कापूस फिरवून परीक्षा करता येते. आईबाप निर्दोष आहेत असे सांगणारी ती एक ओळ शाह अब्बासाच्या फर्मानापेक्षा मोलाची. वंशावळ मागावी ती ह्यासाठी.

अक्कांच्या मांजराची परीक्षा आम्ही करविली. उत्तर प्रतिकूल आले. दहा महिन्यांचे झाल्यावर सोनोग्राफीत दोन्ही मूत्रपिंडांत बारीक गाठी दिसल्या. त्या हळूहळू वाढतील. बहुतेक मांजरांना मध्यम वयात त्रास सुरू होतो, काहींना होतही नाही. पाणी भरपूर पोटात जावे म्हणून आता घरात तीन ठिकाणी वाडगे आहेत, खाद्य ओले असते, आणि वर्षातून दोनदा रक्त तपासले जाते.

प्राण्यांच्या छळास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याचे तिसरे कलम जनावर ज्याच्या ताब्यात असेल त्याच्यावर त्याच्या सुस्थितीची जबाबदारी टाकते. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा सदोष मालाबद्दल दाद देतो. आम्ही दोन्ही पुस्तके उघडून विकणाऱ्यास द्यावयाच्या नोटिशीचा मसुदा तयार केला, आणि आमच्या मते तो चांगला उतरला होता. रक्कम व्याजासह परत मागितली होती. अक्कांनी तो शेवटपर्यंत ऐकला. मांजर त्यांच्या मांडीवर होते. त्या त्याच्या कानामागची गाठ बोटांनी सोडवीत होत्या.

“पयशे परत मागले जाल्यार,” त्यांनी विचारले, “माजर परत दिवचें पडटलें न्ही?”

कायद्याने तसेच आहे, असे आम्ही सांगितले. त्यांनी मसुदा घडी करून आमच्या हाती परत दिला आणि फणी मागितली.